डिमेन्शियाच्या माणसाची आंघोळ: खुर्चीपासून वाइप्सपर्यंत कशावर पैसे खर्च करावेत

सर्जिकलच्या दुकानात जाऊन ‘घरात म्हातारं माणूस आहे, बाथरूमसाठी काहीतरी दाखवा’ म्हटलं की तीन वस्तू काउंटरवर येतात: पांढरी प्लॅस्टिकच्या बैठकीची शॉवर चेअर, टाइलला व्हॅक्यूमने चिकटणारा दांडा आणि खाली रबरी वाट्या असलेली मॅट. यातली पहिली पारखून घ्यावी, दुसरी घेऊच नये आणि तिसरी आपल्याकडच्या बहुतेक न्हाणीघरांत चालत नाही.

अडचण अशी की या वस्तू गुडघे दुखणाऱ्या, तोल जाणाऱ्या माणसाचा विचार करून बनवलेल्या आहेत. डिमेन्शिया (आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार) असलेल्या माणसाचे गुडघे कदाचित ठणठणीत असतील, पण चकचकीत फरशी त्याला ओली किंवा खोल वाटते, पांढऱ्या टाइल्सपुढची पांढरी खुर्ची दिसतच नाही, आणि डोक्यावरून अचानक आलेलं पाणी म्हणजे हल्ला वाटतो. कपडे कोण काढतंय, का काढतंय, हे कळत नाही. पाणी आधी की साबण आधी, हा क्रमही हातून सुटलेला असतो. त्यामुळे प्रत्येक वस्तूला आम्ही एकच प्रश्न लावला: ही वस्तू नेमकी कोणती भीती कमी करते? याचं उत्तर देता येत नसेल, तर ती कितीही ‘मेडिकल ग्रेड’ असली तरी पैसे वाया.

खुर्ची

सगळ्यात आधी घ्यायची वस्तू हीच. बसलेल्या माणसाला पडायची भीती राहत नाही, आणि आंघोळ घालणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे होतात. प्लॅस्टिकचं साधं मोरीतलं स्टूल मात्र या कामाला वापरू नका. ओल्या फरशीवर माणूस कडेला सरकून बसला की स्टुलाचे पाय फाकतात, आणि उन्हात-पाण्यात वर्षभर राहिलेलं प्लॅस्टिक काहीही सूचना न देता चिरतं. पाट आणि चौरंग तर नकोच. इतक्या खालून उठवताना दोघांच्याही कमरा जातात.

अॅल्युमिनियमची चौकट, प्लॅस्टिकची बैठक, पाठ आणि दोन हात असलेली खुर्ची साधारण दीड ते चार हजारांत मिळते. स्टेनलेस स्टीलची महाग आणि जड, पण जड असणं इथे गुणच आहे. लोखंडावर पावडर कोटिंग केलेली स्वस्त पडते, मात्र गंज आतून लागतो. पायाच्या नळीत पाणी साचतं, वरचा रंग छान दिसत राहतो आणि स्क्रूच्या भोवती नळी कुजते. दुकानात खुर्ची उलटी करून नळीला खालून पाणी निथळायची भोकं आहेत का, एवढं बघितलं तरी निम्मा निकाल लागतो.

उंचीवर लोक सगळ्यात जास्त फसतात. घ्यायच्या आधी घरी माप घ्या: माणसाला अनवाणी बसवून गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप लावा. ठेंगण्या आज्जींचं हे माप ३६-३८ सेंमी भरतं, आणि काही मॉडेलांची सगळ्यात खालची पातळीच ४० सेंमीच्या वर असते. अशा खुर्चीवर पाय लोंबकळतात. पाय टेकलेले नसले की डिमेन्शियातला माणूस घाबरून पुढे पुढे घसरतो, हात मिळेल ते घट्ट धरतो, आणि घरचे म्हणतात, ‘आंघोळीला फार त्रास देतात हो.’ त्रास खुर्ची देत असते. बैठक खळगीच्या मापाइतकी, किंवा उठायला सोपं जावं म्हणून फार तर दोन सेंमी जास्त, पण दोन्ही तळवे पूर्ण टेकलेच पाहिजेत.

पायांची उंची स्प्रिंगच्या बटणाने बदलते आणि भोकं बहुधा अडीच-अडीच सेंमीवर असतात. चारही बटणं ‘टक’ आवाज करून पूर्ण बाहेर आली आहेत का, हे बोटाने चाचपून बघा. अर्धवट अडकलेलं बटण माणूस बसल्यावर आत जातं. फरशीला जाळीकडे उतार असतोच. तो भरून काढायला दोन पाय एक भोक वाढवायचा मोह होतो. तसं करू नका. खुर्चीच्या पुढच्या-मागच्या पायांमधल्या अंतरात उतार जेमतेम अर्धा-पाऊण सेंमीचा असतो, भोक अडीच सेंमीचं. खुर्ची जास्तच कलते. त्याऐवजी खुर्चीची पाठ जाळीच्या बाजूला करा. मग माणूस थोडा मागे, पाठीवर रेलतो. पुढे घसरत नाही. एकही पाय जाळीवर येऊ देऊ नका.

पायाखालची रबरी बुचं दर महिन्याला काढून बघायची. चांगल्या बुचाच्या आत धातूची चकती असते. स्वस्तातल्या बुचात ती नसते, आणि नळीची धार रबर कापत कापत खाली येते. बाहेरून बूच साबूत दिसतं, आणि टाइलवर मात्र धातू टेकलेला असतो. बुचं वेगळी विकत मिळतात. खुर्ची घेतानाच चार जास्तीची घेऊन ठेवा.

बैठकीला पुढून यू आकाराची खाच असलेली घ्यावी का? घ्यावी. जांघा आणि मागचा भाग धुवायला माणसाला उभं करावं लागत नाही, आणि उभं राहून दुसऱ्याकडून तिथे धुवून घेणं हाच आंघोळीतला सगळ्यात लाजिरवाणा भाग असतो. मात्र खाच रुंद असेल तर किरकोळ बांध्याच्या माणसाच्या मांड्या आत जातात आणि कडा रुततात. पुरुषांना खुर्चीतून उठवण्याआधी खाली एकदा नजर टाकावी, काही अडकलेलं नाही ना. हे दुकानदार सांगत नाही आणि माहितीपत्रकातही नसतं.

रंग. पांढरी खुर्ची घेतलीच असेल, तर बैठकीवर गडद निळा किंवा लाल हात-टॉवेल टाका आणि चारही कोपऱ्यांना नाड्या शिवून तो खाली बांधा. नुसता टाकलेला टॉवेल माणसासकट घसरतो. याचे दोन फायदे. बसायची जागा दिसते, त्यामुळे ‘बसा’ म्हटल्यावर माणूस चाचपडत नाही, आणि उघड्या अंगाला गार प्लॅस्टिक लागत नाही. बसवण्याआधी बैठकीवर एक मग कोमट पाणी ओतलं तर आणखी बरं. पहिल्याच स्पर्शाला गार लागलं की पुढची सगळी आंघोळ बिनसते.

चाकांची कमोड-कम-शॉवर खुर्ची साडेतीन हजारांपासून पुढे मिळते. पलंगावरून थेट न्हाणीघरात नेता येते, हा तिचा मोठा गुण. पण घ्यायच्या आधी दोन मापं घ्या: दाराची मोकळी रुंदी आणि उंबरठ्याची उंची. जुन्या सोसायट्यांत न्हाणीघराचं दार अनेकदा ६० सेंमीच्या आसपास असतं आणि खुर्ची त्याहून रुंद निघते. पाच सेंमीचा उंबरठा लहान चाकं चढत नाहीत. मागे ओढून चढवावी लागते, आणि त्या क्षणी बसलेल्या माणसाला आपण मागे पडतोय असंच वाटतं. चाकांचे ब्रेक पाण्याने लवकर गंजतात. चार ब्रेकपैकी दोनच चालत असतील तर खुर्ची जागेवर गोल फिरते.

दांडा

व्हॅक्यूमचा दांडा जाहिरातीत मस्त दिसतो. टाइलचा सांधा मध्ये आला, टाइल खडबडीत असली किंवा साबणाची वाफ बसली की पकड सुटते, आणि ती नेमकी जोर दिल्यावरच सुटते. ज्याला ‘हा दांडा धरू नका’ हे लक्षात ठेवता येत नाही, अशा माणसाच्या हाताशी असा दांडा लावणं म्हणजे सापळा लावणंच. टॉवेल टांगायच्या रॉडचंही तेच. माणूस तो धरणारच. त्यामुळे एकतर तो काढून टाका, नाहीतर त्या जागी खरा दांडा बसवा.

खरा दांडा म्हणजे भिंतीत ड्रिल मारून, प्रत्येक टोकाला तीन स्क्रूंनी बसवलेला. जाडी ३२ ते ३८ मिमी, भिंतीपासून मोकळी जागा साधारण ४० मिमी. जास्त असली तर मनगट आत अडकतं. खुर्चीच्या बाजूचा आडवा दांडा बैठकीपासून २० ते २५ सेंमी वर. दाराशी एक उभा दांडा लावला तर आत पाऊल टाकताना हाताला आधार मिळतो, आणि बरीच माणसं नेमकी त्या उंबरठ्यावरच अडून बसतात. टाइलच्या रंगाहून वेगळ्या रंगाचा दांडा मिळाला तर उत्तम. स्टीलचा असेल तर त्यावर रंगीत वॉटरप्रूफ ग्रिप टेप गुंडाळा.

प्लंबरला दोन गोष्टी बजावा. टाइलला आरपार भोक पडेपर्यंत ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, आणि मिक्सर नळाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडायचं नाही, कारण आतले पाइप तिथूनच जातात. नव्या इमारतीत भिंती हलक्या ब्लॉकच्या असतील तर साधे प्लॅस्टिकचे प्लग पोकळ बसतात. त्यासाठी वेगळे फास्टनर लागतात. बसवून झाल्यावर प्लंबरलाच त्यावर पूर्ण भार टाकून लोंबकळायला सांगा.

बादली की हँड शॉवर

इथे आमचं मत ठाम आहे: आपल्या घरांत बादली आणि मग जिंकतात. ज्यांनी सत्तर वर्षं बादलीतून आंघोळ केली त्यांच्या हाताला ती सवय अजून शाबूत असते. मग हातात दिला की पुष्कळदा हात आपोआप खांद्याकडे जातो. शॉवरचा आवाज, वरून येणारं आणि दिसत नसलेलं पाणी, बदलत जाणारं तापमान, यातलं काहीच बादलीत नाही. बादलीतलं पाणी आधीच मिसळलेलं असतं, त्यामुळे मध्येच चटका बसत नाही.

माणसाला आत आणायच्या आधी १८-२० लिटरची बादली तयार ठेवा. आधी गार पाणी, मग गरम. तापमान ३८ ते ४० अंश सेल्सिअस. लहान बाळांच्या आंघोळीसाठी मिळणारा तरंगता थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत येतो, आणि या यादीतली रुपयाला सगळ्यात जास्त मोल देणारी वस्तू तीच. स्वयंपाकघरात रोज गरम भांडी हाताळणाऱ्या बोटांवर भरवसा ठेवू नका. कोपर किंवा मनगटाची आतली बाजू बुडवून बघा. साठवणीच्या गीझरमधलं पाणी ६० अंशांपर्यंत जातं, आणि तेवढ्या पाण्याने म्हाताऱ्या पातळ कातडीला काही सेकंदांत खोल भाजतं. डिमेन्शियात चटका बसूनही माणूस वेळेवर हात मागे घेईलच असं नाही. म्हणून नुसत्या गरम पाण्याची दुसरी बादली हाताच्या अंतरावर कधीच नको, आणि पाणी काढून झालं की गीझर बाहेरच्या बटणावरून बंद. बादलीत बुडवायचा हीटर रॉड या घरातून कायमचा हद्दपार करावा. गॅस गीझर बंद न्हाणीघराच्या आत असेल तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा धोका दोघांनाही आहे; तो बाहेर हलवल्याशिवाय तिथे दार लावून आंघोळ घालू नका.

बादली जमिनीवर न ठेवता एका भक्कम, बुटक्या घडवंचीवर ठेवा. घालणाऱ्याची पाठ वाचते आणि माणसाला पाणी दिसतं. मगही अर्ध्या लिटरचा, मोठ्या कानाचा घ्या. लिटरभराचा मग भरून उचलला की पाणी भसकन पडतं.

हँड शॉवर घ्यायचाच असेल तर तो बसलेल्या माणसाच्या पावलांपर्यंत पोचेल इतक्या, निदान दीड मीटर नळीचा, आणि मंद धारेचा घ्या. टॉयलेटजवळचा जेट त्याऐवजी चालणार नाही. त्याची धार टोचते. शॉवरच्या मुठीवरचं चालू-बंद बटण सोयीचं वाटतं, पण इन्स्टंट गीझर असेल तर पाणी थांबवून पुन्हा सुरू केल्यावर पहिला लोट एकदम जास्त गरम किंवा गार येतो. तो आधी फरशीवर सोडायचा, अंगावर नाही. खरा उपयोग दोन ठिकाणी: जांघा धुवायला आणि पाठीवरचा साबण काढायला.

पाणी कुठून सुरू करायचं? पावलांवरून. मग पोटऱ्या, गुडघे, हात, खांदे, पाठ मागून. छाती आणि चेहरा शेवटी, तोही ओल्या नॅपकिनने. पहिला मग सरळ डोक्यावर ओतणं ही आपल्याकडची पक्की सवय, आणि आरडाओरड्याचं सगळ्यात मोठं कारणही तेच.

मॅट आणि फरशी

रबरी वाट्यांची मॅट गुळगुळीत बाथटबसाठी बनलेली आहे. आपल्याकडच्या अँटिस्किड टाइलवर आणि सांध्यांवर तिच्या वाट्या धरत नाहीत, कडा वळतात, खाली बुळबुळीत शेवाळ साचतं. त्यापेक्षा संपूर्ण फरशी झाकणारी, पाणी निथळणारी जाळीदार पीव्हीसी मॅट बरी. ती आठवड्यातून एकदा उचलून घासावी लागते. काळी किंवा गडद मॅट मात्र कधीच नको. फिकट फरशीवरचा काळा चौकोन त्यांना खड्डा दिसतो आणि पाय आत टाकायला ते तयार होत नाहीत. आरशावर पंचा टाका. आरशातला परका म्हातारा आपल्याला उघडं बघतोय, असं काहींना वाटतं. दाराची आतली कडी काढून बाहेरून उघडता येईल अशी बसवा.

तेलाचा विषय निघणारच. आंघोळीआधी हातापायांना कोमट तेल चोळून घेणं ही जुन्या पिढीची ओळखीची गोष्ट, तिने माणूस शांत होतो, त्यामुळे ती बंद करू नये. फक्त तळव्यांना तेल नाही, आणि चोळणं न्हाणीघराबाहेर, जुन्या टॉवेलवर.

अंगावर काय

डिमेन्शियात लाज जात नाही. कपडे काढताना हात आवळून धरणारी बाई अडेलपणा करत नसते. तिला कोणीतरी उघडं करतंय आणि ती स्वतःला वाचवतेय. त्यामुळे या भागातली सगळ्यात चांगली वस्तू दुकानात मिळत नाही, घरात असते: जुना सुती परकर. जुन्या बायका परकर छातीवर बांधून आंघोळ करत, तसाच बांधा आणि त्याच्या आतून धुवा. पुरुषांना पंचा गुंडाळलेलाच राहू दे. काहीजण ‘सगळं नीट स्वच्छ होत नाही’ म्हणून हे नाकारतात. होतं; साबण लावलेला नॅपकिनचा हातमोजा आतून सगळीकडे पोचतो.

बाहेरून मागवायचे बाथ पोंचो (डोक्यातून घालायचे सैल झगे) महाग असतात आणि कापड बहुतेक सिंथेटिक, पाणी न शोषणारं. घरी शिवा: ७५ बाय १५० सेंमीचे दोन पातळ सुती टॉवेल खांद्यांवर जोडायचे, डोकं जाईल एवढी जागा सोडायची, एका खांद्याला वेल्क्रो. पातळ सोलापुरी टॉवेल याला छान. पाणी ओढतो आणि जाड तुर्की टॉवेलसारखा भिजून जड होत नाही. हा पोंचो अंगावर घालून मग आतले कपडे काढा, त्यावरूनच पाणी घाला, शेवटी कोरडा टॉवेल खांद्यावर टाकून ओला खालून ओढून घ्या. पूर्ण उघडं असण्याचा एकही क्षण येत नाही. गोव्यात-कोकणात पावसाळ्यात हे टॉवेल वाळत नाहीत, तेव्हा निदान तीन जोड लागतात.

न ओतता आंघोळ: वाइप्स आणि टॉवेल बाथ

बेड-बाथ वाइप्सच्या (अंग पुसायच्या ओल्या रुमालांच्या) पाकिटात बहुधा दहा नग असतात आणि एका पाकिटात एक आंघोळ, असा हिशेब असतो. क्रम असा: एकाने चेहरा आणि मान, दोन हात-काखांसाठी दोन, छाती-पोट एक, पाठ एक, दोन पायांना दोन, जांघा एक, मागचा भाग एक, एक शिल्लक. बायकांना पुसताना नेहमी पुढून मागे. एकदा जांघेला लावलेला वाइप पुन्हा दुसरीकडे नाही. घेताना ‘अल्कोहोल नाही’, ‘सुगंध नाही’ आणि पीएच ५.५च्या आसपास एवढं बघा. बाळांचे वाइप्स लहान आणि पातळ. एका पाठीलाच चार जातात.

वाइप्सबद्दलची खरी तक्रार गारपणाची. उघड्या अंगावर गार, ओला कागद म्हणजे बादलीहून वाईट. बंद पाकीट कडकडीत नसलेल्या गरम पाण्याच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्ह फक्त पाकिटावर तसं छापलं असेल तरच, आणि तेव्हाही मधला वाइप आधी स्वतःच्या मनगटावर. पुसून झालं की काखा, स्तनांखाली, जांघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. पाकिटावर ‘धुवायची गरज नाही’ लिहिलेलं असतं, ‘टिपायची गरज नाही’ असं नव्हे. या घड्यांत ओल राहिली की बुरशी येते. वापरलेले वाइप्स कचऱ्यात. फ्लश केले तर सोसायटीचा चेंबर तुंबतो.

वाइप्सपेक्षा आम्हाला टॉवेल बाथ जास्त आवडतो, आणि तो स्वस्तही पडतो. लागतं ते असं: एक मोठा टॉवेल किंवा पातळ सुती चादर, साधारण ९० बाय १८० सेंमी; दोन-तीन लहान नॅपकिन; एक जाड प्लॅस्टिकची पिशवी; दोन लिटर गरम पाणी आणि पाण्याने धुऊन काढावा न लागणारा बॉडी वॉश, बाटलीवरच्या प्रमाणात. साधा साबण इथे चालत नाही, तो कातडीवर राहून खाज सुटते. पाणी ४२-४३ अंशांचं, कारण टॉवेल पसरेपर्यंत ते तीन-चार अंश उतरतं. टॉवेल पिशवीत घडी घालून ठेवा, पाणी ओता, दाबून मुरवा, जास्तीचं पिळून काढा, पिशवीचं तोंड बंद. गरम राहतो.

माणूस पलंगावर कोरड्या चादरीखाली. पायांकडून चादर वर गुंडाळत जायची आणि तिच्या जागी ओला गरम टॉवेल पसरत जायचा, म्हणजे अंग कुठेच उघडं पडत नाही. मग टॉवेलवरूनच हलक्या हाताने चोळा: पाय, पोट, छाती, हात. इतक्यात पुष्कळ माणसं डोळे मिटून पडतात. पुढे कुशीवर वळवून पिशवीतल्या दुसऱ्या नॅपकिनने पाठ, तिसऱ्याने जांघा आणि मागचा भाग. ओला टॉवेल काढता काढता कोरडी चादर परत वर. सगळं दहा ते पंधरा मिनिटांत. कुशीवर असतानाच माकडहाड, टाचा आणि खुबे बघून घ्या; दाबूनही न फिकटणारी लाली दिसली तर ती शय्याव्रणाची (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे.

‘पुसून घेतलेली आंघोळ ती काय आंघोळ, माणूस पारोसाच की,’ असं घरातलं कोणीतरी म्हणणारच. त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या १५ नर्सिंग होममध्ये झालेली आणि २००४ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. आंघोळीच्या वेळी चिडणाऱ्या रहिवाशांवर टॉवेल बाथ वापरला तेव्हा मारणं-ओरबाडणं अशा प्रसंगांत ६० टक्के घट झाली. माणसाच्या कलाने घातलेल्या शॉवरच्या आंघोळीत ५३ टक्के. त्वचा सुधारली, आणि कातडीवरचे अपायकारक जंतू वाढले नाहीत. पूर्ण आंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा आणि रोज तोंड, हात, काखा, जांघा, एवढ्यावर भागतं. ज्यांना आंघोळ झाल्याशिवाय देवापुढे बसवत नाही त्यांच्यासाठी ‘पूजेची तयारी झालीय’ हेच सगळ्यात चांगलं आमंत्रण असतं, मग आंघोळ टॉवेलची का असेना.

डोकं धुणं

अंगाच्या आंघोळीपासून हे वेगळं करा, दुसऱ्या दिवशी. शाम्पू कॅप, म्हणजे आत न धुवायचा शाम्पू असलेली टोपी, गरम करून डोक्यावर घालायची आणि वरून चोळायची. आखूड केसांना छान. कमरेपर्यंतच्या केसांना एका टोपीने काही होत नाही आणि तेलकट केस चिकटच राहतात. त्यापेक्षा खुर्चीत बसवून, कपाळावर घडी केलेला नॅपकिन त्यांच्याच हाताने धरायला देऊन, लहान मगाने मागच्या बाजूने पाणी. हात गुंतलेला राहतो आणि डोळ्यांत पाणी जात नाही. लहान मुलांची रबरी टोपी-झालर मोठ्यांच्या डोक्याला घट्ट बसत नाही, पाणी कानांत जातं. पैसे घालवू नका.

ब्युरोची बाई किंवा मदतनीस

आंघोळ घालायला माणूस ठेवताय तर पहिल्या दिवशी तिला एकटीने न्हाणीघरात पाठवू नका. बहुतेक ब्युरो (घरी मदतनीस पुरवणाऱ्या संस्था) अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचं काम शिकवून पाठवतात, आणि त्या कामाचा वेग वेगळा असतो. विचारायचं ते हे: रोज तीच व्यक्ती येणार का? बाईमाणसाला बाईच आंघोळ घालणार का? नकार आला तर ती काय करते? ‘धरून घालते’ हे उत्तर आलं तर दुसरं माणूस शोधा. ‘थांबते, अर्ध्या तासाने परत विचारते’ हे हवं असलेलं उत्तर.

तिला एका कागदावर लिहून द्या: आंघोळीची आयुष्यभराची वेळ, पाणी कडक लागतं की कोमट, साबण कोणता, तेल आधी की नंतर, कोणत्या नावाने हाक मारलेली चालते. नुसतं ‘आजी’ म्हटलेलं काहींना खपत नाही. शाळेत शिकवलेल्या बाईंना ‘बाई’ म्हटलं तर त्या उठून येतात. आणि बोलणं एका वेळी एका कृतीपुरतं. ‘चला, आंघोळ करून घ्या’ यात त्यांना दहा कामं दिसतात. ‘आई, पाय गरम पाण्यात ठेवा बघू’, ‘अप्पा, पाठ चोळून देऊ का?’ याला होकार येतो. ‘झालीय माझी आंघोळ’ यावर वाद घालून उपयोग नाही. ‘बरं, मग पाय तेवढे धुऊ’ म्हणायचं आणि पावलांवरून सुरुवात करायची. सांधे दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून वेदनाशामक आंघोळीच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. हात वर करताना ओरडणं पुष्कळदा खांद्यामुळे असतं. संध्याकाळी चिडचिड वाढणाऱ्यांची आंघोळ सकाळीच.

खरेदीचं

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा: हात आणि पाठ असलेली खुर्ची, भिंतीत बसवलेला एक दांडा, तरंगता थर्मामीटर, आणि दोन टॉवेलचा शिवलेला पोंचो. पाच-सहा हजारांत बसतं. वाइप्स प्रवासासाठी आणि तापाच्या दिवसांसाठी घरात दोन पाकिटं.

खुर्ची विकतच घ्यायला हवी असं नाही. मुंबई, पुणे, नाशिकसारख्या शहरांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं अनामत घेऊन कमोड खुर्ची देतात, आणि बरीच सर्जिकलची दुकानं महिन्याच्या भाड्यानेही देतात. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना सहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात मिळतात, आणि कमोड खुर्ची त्या यादीत आहे. तेवढ्यात बिनचाकाची चांगली खुर्ची येते. पावती जपून ठेवा.

भाड्याची किंवा जुनी खुर्ची आणताना बुचं उतरवून बघा, बटणं दाबून बघा, आणि दुकानातच तिच्यावर स्वतः बसून अंग डावीकडे-उजवीकडे, मग पुढे टाकून बघा. सगळ्या बाजूंना स्थिर राहिली तरच उचला. घरी नेल्यावर पहिले दोन दिवस ती न्हाणीघरात नाही, खोलीत ठेवा, आणि त्यांना तिच्यावर कपड्यांतच बसून चहा घेऊ द्या.